एक वर्ग, दोन शिक्षक

- समावेशित शिक्षण: दिव्यांग मुले गावच्याच शाळेत, इतरांसोबत एका वर्गात शिकतात. अध्यापन व मूल्यमापन त्यांच्या गरजेनुसार बदलते.
- विशेष शाळा: फक्त दिव्यांग मुलांसाठीची स्वतंत्र शाळा.
- सहअध्यापन: वर्गशिक्षक व विशेष शिक्षक एकाच तासिकेचे नियोजन आणि अध्यापन मिळून करतात. पद्धती: एक शिकवतो व दुसरा मदत करतो, समांतर गट, आळीपाळीने अध्यापन.
- कायदा: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१.
- मोफत शिक्षण: किमान ४० टक्के दिव्यांगत्व, वय ६ ते १८.
- प्रमाण (केंद्र सरकारची अधिसूचना, २०२२): एका विशेष शिक्षकामागे प्राथमिकला १०, उच्च प्राथमिकला १५ दिव्यांग विद्यार्थी.
- भातकुली तालुक्यात मदतीसाठी: संपर्क पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात, योजना समग्र शिक्षा (२०१८ पासून).