‘खेरीज’ या शब्दाचा अर्थ व सनदांतील उपयोग

जुन्या सनदा व हिशेबी कागद इंग्रजींत उतरवितांना हमखास चकविणारा एक शब्द म्हणजे ‘खेरीज’. सातारा व सांगली या बाजूच्या इनामाच्या, मोकाशाच्या व सरंजामाच्या कागदांत तो पदोपदीं भेटतो. आणि इतका ओळखीचा वाटतो कीं वाचणारा तेथें थांबतच नाहीं. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा शब्द अरबी ‘खारिज’, म्हणजे बाहेरचा, यापासून फारशीच्या द्वारें मराठींत आला. त्याचा जोडीदार ‘देखील’. तो ‘दाखिल’, म्हणजे आंतला, यापासून निघाला. आज ‘देखील’ आपण ‘सुद्धां’ या अर्थीं वापरतों. परंतु दप्तरांत ‘देखील सरदेशमुखी’ म्हणजे सरदेशमुखी धरून आणि ‘खेरीज सरदेशमुखी’ म्हणजे ती सोडून.

पण बाहेर ठेविलेली बाब पुढें कोणाकडे जाते हें ‘खेरीज’ सांगत नाहीं, आणि घोटाळा तेथेंच होतो. इंग्रजी ‘एक्सेप्ट’नें असलेल्यांतून कांहीं काढलें जातें, ‘बिसाइड्स’नें असलेल्यावर भर पडते. आमच्या एका शब्दाकडे दोन्ही कामें आहेत. ‘त्याखेरीज कोणी आलें नाहीं’ येथें वजाबाकी. ‘याखेरीज दहा रुपये दिले’ येथें बेरीज. ‘एक्स्क्लूझिव्ह ऑफ’ हा इंग्रजी प्रयोग त्याला सर्वांत जवळचा, कारण तोही असाच दुतोंडी आहे. सारा पट्ट्यांखेरीज पांचशें म्हटला तर पट्ट्या पांचशांत नाहींत हें खरें, पण रयतेला त्या सुटल्या असें नव्हे; त्या वर द्यावयाच्याच आहेत.

हिशेबांत हा भेद किती भोंवतो तें चौथाईवरून दिसेल. १७१९ च्या सनदांनंतर शाहूमहाराजांच्या राज्यांत चौथाईची जी वांटणी ठरली तींत शंभरांतले पंचवीस बाबती म्हणून राजाचे व उरलेले पंचाहत्तर मोकाशाचे. त्या मोकाशांतून पुन्हां साहोत्रा सहा व नाडगौडा तीन हे निघत. साहोत्रा पंतसचिवांकडे असे. राहिले सहासष्ट, तो ऐन मोकासा. तेव्हां ‘मोकासा देखील साहोत्रा व नाडगौडा’ असेल तर पंचाहत्तर, ‘खेरीज’ असेल तर सहासष्ट. मोकासदाराच्या पदरांत काय पडलें याचा निकाल या एका शब्दावर लागतो. आणि छापील नकलेंत तोच गळला तर संशोधकाची सगळी आकडेमोड फुकट. पटवर्धनी सरंजामाचे कागद पाहतांना जात व फौज या दोन खर्चांविषयीं हीच सावधगिरी ठेवावी.

इनामपत्रांत मात्र हा शब्द वेगळ्या तेजानें दिसतो. गांव इनाम देतांना जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप असें सगळें मोजून देऊन शेवटीं ‘खेरीज हक्कदार व इनामदार करून’ असें लिहीत. येथें वगळलेले लोक गमावणारे नव्हत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी व बलुतेदार यांचे हक्क आणि पूर्वींचीं इनामें नव्या इनामदाराच्या हातीं जाऊं नयेत, म्हणून सरकारानें तीं दानांतून बाजूस काढलीं. या ठिकाणीं ‘बिसाइड्स’ असा तरजुमा केला तर अर्थ नेमका उलटतो. इनामदारास गांव मिळाला तो मिळालाच, वर हक्कदारांचे हक्कही मिळाले असें होतें! १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनामांच्या चौकशीस अधिकार मिळाल्यावर अशा शब्दांवर घराण्यांचें उत्पन्न टांगलेलें असे.

मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत व विरामचिन्हें नाहींत. त्यामुळें ‘खेरीज’ची सत्ता कोठपर्यंत चालते असा प्रश्न पडतो. आमचा अनुभव असा कीं पुढें ‘करून’ कोठें आहे तें आधीं शोधावें. ‘खेरीज’ व ‘करून’ यांच्यामध्यें जीं नांवें आलीं तीं सर्व बाहेर. ‘करून’ नसेल तर मागचा शब्द पाहावा. षष्ठीचें किंवा सामान्यरूप असेल तर ‘खेरीज’ त्याला चिकटलेला आहे. एवढ्यानेंही न भागल्यास तळचा आकडा मांडून पाहावा. बेरजेला लेखकाची लकब बाधत नाहीं.

नकाशावरही या शब्दाची खूण उमटली आहे. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें प्रतापसिंहमहाराजांस साताऱ्याचें राज्य मिळालें, तेव्हां त्या मुलखांतील जहागीरदारांच्या जहागिरींची हमी इंग्रजांनीं आपणांकडे घेतली. १८४८ त शहाजीमहाराज निवर्तल्यावर राज्य खालसा झालें. पण औंध, फलटण, भोर, जत व अक्कलकोट हीं खालशाखेरीज राहिलीं व पुढें शंभर वर्षें संस्थानें म्हणून चाललीं. त्यांपैकीं औंध व फलटण आज सातारा जिल्ह्यांत आहेत, जत सांगलींत.