शिक्षकांना शस्त्रसज्ज करण्याचा वाद (अमेरिका)

शिक्षकांना शस्त्रसज्ज करण्याचा वाद हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शाळांमधील गोळीबारांमुळे उभा राहिलेला सामाजिक व कायदेविषयक वाद आहे. हल्लेखोर शाळेत शिरल्यापासून पोलीस त्याला रोखेपर्यंत मुलांचे रक्षण कोणी करावे, हा या वादाचा गाभा आहे. शिक्षकांनी बंदूक बाळगावी असे म्हणणारे आणि हे काम प्रशिक्षित पोलिसांचेच आहे असे मानणारे, असे दोन प्रमुख पक्ष त्यात दिसतात.

पार्श्वभूमी

शाळेच्या परिसरात बंदूक बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. मात्र राज्याचा परवाना असलेल्या व्यक्तींसाठी त्यात अपवाद असल्याने प्रत्यक्ष निर्णय बहुतांशी राज्यांच्या हाती राहतो. टेक्सासमधील हॅरल्ड या लहान गावाच्या शाळा मंडळाने २००७ मध्येच निवडक कर्मचाऱ्यांना बंदूक बाळगू देण्याचे धोरण स्वीकारले; शेरीफचे कार्यालय दूर असल्याचे कारण त्यामागे होते. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधील सँडी हुक प्राथमिक शाळेत २० मुले व ६ प्रौढ मारले गेल्यानंतर हा विषय देशव्यापी झाला.

पोलिसांची भूमिका

वादाची दिशा पोलिसांच्या कामगिरीनुसार बदलत आली आहे. कोलोरॅडोतील कोलंबाइन हायस्कूलमध्ये २० एप्रिल १९९९ रोजी पोलिसांनी इमारतीला वेढा घालून विशेष पथकाची वाट पाहिली. त्यावर मोठी टीका झाली आणि पुढे 'पहिल्या पोहोचलेल्या पोलिसाने थेट आत जावे' अशी शिकवण रूढ झाली. ती नेहमी पाळली गेली नाही. फ्लोरिडातील पार्कलंड येथे १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जणांचा बळी गेला, तेव्हा शाळेवर नेमलेला सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेरच थांबला होता. त्याच्यावर खटला झाला. २०२३ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले.

टेक्सासमधील उवाल्डे येथील रॉब प्राथमिक शाळेची घटना (२४ मे २०२२) याहून गंभीर ठरली. पहिले पोलीस काही मिनिटांतच इमारतीत पोहोचले होते. तरीही हल्लेखोराला ठार करण्यास सुमारे ७७ मिनिटे लागली. तोवर विविध दलांचे ३७६ अधिकारी तेथे जमले होते. वर्गाचे दार कुलूपबंद आहे असे गृहीत धरून किल्ल्यांचा शोध चालला होता. राज्य प्रतिनिधिगृहाच्या समितीनुसार ते बहुधा नीट बंदच नव्हते. १९ मुले व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. याउलट, नॅशव्हिल येथे २७ मार्च २०२३ रोजी पोलिसांनी विलंब न लावता आत शिरून पहिल्या दूरध्वनीनंतर सुमारे १४ मिनिटांत हल्लेखोराला ठार केले. पण तोपर्यंत ३ मुले व ३ प्रौढांचा बळी गेला होता. दोन्ही पक्ष या घटनेचा दाखला देतात, हे विशेष.

कॅसल रॉक वि. गोन्झालेस (२००५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, न्यायालयीन संरक्षक आदेशाची पोलिसांकडून अंमलबजावणी होण्याचा हक्क संविधानातून मिळत नाही, असे म्हटले. खटला शाळेसंबंधी नव्हता, तरी शस्त्रसज्जतेचे समर्थक त्याचा उल्लेख करतात.

राज्यांचे कायदे

पार्कलंडनंतर फ्लोरिडाने 'गार्डियन' योजना आणली. तिच्यातून प्रथम केवळ वर्गात शिकवणारे शिक्षक वगळले होते. २०१९ मध्ये त्यांनाही मुभा मिळाली. ओहायोत अशा कर्मचाऱ्यांना सातशेहून अधिक तासांचे प्रशिक्षण लागत असे. २०२२ च्या कायद्याने ही अट २४ तासांपर्यंत खाली आणली. टेनेसीच्या २०२४ च्या कायद्यानुसार कोणता शिक्षक सशस्त्र आहे हे गोपनीय राहते, पालकांनाही ते कळवले जात नाही.

आक्षेप

शिक्षकांच्या दोन्ही मोठ्या राष्ट्रीय संघटनांचा या कल्पनेला विरोध आहे. रँड संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ५४ टक्के शिक्षकांनी यामुळे शाळा कमी सुरक्षित होतील असे सांगितले, तर २० टक्क्यांनी अधिक सुरक्षित होतील असे म्हटले. नेमबाजीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे: न्यू यॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ मधील परस्पर गोळीबारांत पोलिसांच्या सुमारे १८ टक्के गोळ्याच लक्ष्यावर लागल्या होत्या. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात राखीव पोलीस असलेल्या एका शिक्षकाकडून, बंदुकीच्या सुरक्षिततेचाच धडा देताना, वर्गात चुकून गोळी सुटली. बंदूक कुलपात ठेवली तर ती वेळेवर हाती येत नाही आणि अंगावर ठेवली तर मुलांच्या हाती लागू शकते, या अडचणीवर समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही.