फोन इथला की तिकडचा?

नवा फोन बाजारात आला, की अमेरिकेतल्या भाच्याचा निरोप येतोच, "मावशी, इकडे स्वस्त आहे. येताना आणू का?" मैत्रिणींनो, मोह होणारच! पण भिशीचे पैसे मोडण्याआधी जरा हिशेब मांडा.

आपल्याकडच्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. तिकडे बहुतेक राज्यांत विक्रीकर वर पडतो. करमाफीची मर्यादा ओलांडली, तर विमानतळावर जकात भरा! शिवाय २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या नव्या आयफोनना सिमकार्डाची खाचच नाही. ई-सिम घ्यावे लागते.

आणि हमी? कित्येक कंपन्यांची हमी फोन विकला त्या देशापुरतीच. उद्या पडदा फुटला, तर भाचा तिकडे आणि तुम्ही संभाजीनगरात!

म्हणून वाचणारे पैसे एका पडद्याच्या दुरुस्तीहून जास्त नसतील, तर सरळ पैठण गेट किंवा कॅनॉट गाठा. पक्के बिल मागा. *#०६# दाबून दिसणारा १५ आकडी क्रमांक खोक्याशी आणि बिलाशी ताडून पाहा. मगच पैसे मोजा.