मुलांसह समुद्रसफर : बुकिंगच्या आधीचा गृहपाठ

सुटी जवळ आली की वर्गात सहलीच्या गोष्टी सुरू होतात. पूर्वी मुलांच्या तोंडी नागझिरा, रामटेक, फार तर नागपूर अशी नावे असत. आता मोबाइलवरचे रील पाहून ती विचारतात, "मॅडम, क्रूझवर खरंच पोहायचा तलाव असतो का?" भंडारा हा तलावांचा जिल्हा. तलावात नाव चालते हे आपल्या मुलांनी पाहिलेले असते. जहाजावरच तलाव असतो, याचे त्यांना फार नवल वाटते.

मुलांच्या हट्टामुळे म्हणा किंवा आपल्या हौसेमुळे म्हणा, विदर्भातली नोकरदार कुटुंबेही आता क्रूझची चौकशी करू लागली आहेत. हौस असण्यात काही गैर नाही. पण समुद्रसफर ही बस किंवा रेल्वेच्या सहलीसारखी नसते. अर्ध्या वाटेत उतरून घरी परतता येत नाही. म्हणून तिची खरी आखणी घरी, पैसे भरण्याच्या आधी व्हायला हवी.

आजी-आजोबांची सफर

आपल्या समाजाला जहाज नवे नाही. मुंबईहून जिद्दाहला जाणारी हजची जहाजे १९९५ पर्यंत सुरू होती. 'अकबरी' हे त्यांतले अखेरचे जहाज. त्या काळी हाजी लोक कित्येक दिवस समुद्रावर काढत. निघण्याआधी कर्ज फेडत, नातेवाइकांची माफी मागत, घरच्यांच्या खर्चाची तजवीज करत आणि शिधा मोजून बांधत. ती इबादत होती, आपली ही सहल आहे. दोन्हींची बरोबरी नाही. पण निघण्याआधी हिशेब चोख करण्याची ती सवय आपण जरूर उचलावी. घरात अशा प्रवासाच्या आठवणी सांगणारे कुणी असेल, तर मुलांना त्यांच्याजवळ बसवा. सहलीची सुरुवात तिथूनच होऊ द्या.

कुठे आणि केव्हा

मुंबई–गोवा मार्गावर २०१८ मध्ये 'आंग्रिया' ही क्रूझ सुरू झाली. २०२१ पासून 'कॉर्डेलिया' कंपनीचे 'एम्प्रेस' हे अकरा मजली मोठे जहाज मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे फेऱ्या करू लागले. लक्षद्वीपचे आकर्षण आपल्या वाचकांना अधिक वाटेल. २०११ च्या जनगणनेनुसार तिथली ९६ टक्क्यांहून अधिक वस्ती मुस्लिम आहे. मात्र तिथे मोठे जहाज किनाऱ्यापासून दूर थांबते आणि प्रवाशांना लहान बोटीतून बेटावर नेतात. समुद्र खवळलेला असेल तर हे उतरणे रद्द होते. मुलांना याची कल्पना आधीच द्यावी.

पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हा पावसाळ्याचा, उंच लाटांचा काळ. मेच्या अखेरीसच समुद्र बदलू लागतो. त्यामुळे उन्हाळी सुटीत जायचे तर पहिला पंधरवडा बरा. त्याहून चांगली दिवाळीनंतरची किंवा नाताळाची सुटी. पण तेव्हा दर चढलेले असतात.

भंडारा रोडहून विदर्भ एक्सप्रेस दुपारी सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला पोहोचवते. जहाज त्याच दिवशी सुटत असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नये. गाडी चार तास उशिरा आली तर जहाज आपल्यासाठी थांबत नाही. एक दिवस आधी मुंबई गाठावी आणि त्या मुक्कामाचा खर्च हिशेबात धरावा.

खर्च : जाहिरातीतला आणि खरा

जाहिरातीतला आकडा बहुधा एका माणसाचा, सर्वांत स्वस्त खोलीचा आणि कराशिवायचा असतो. त्यावर जीएसटी आणि बंदराचे शुल्क लागते. म्हणून एजंटला एकच प्रश्न विचारावा : "आम्ही दोघे, मुले इतकी, त्यांची वये ही, सगळे धरून शेवटची रक्कम किती?" उत्तर लेखी घ्यावे. रद्द केल्यास किती पैसे परत मिळतात, हेही त्याच कागदावर असावे.

आतली, खिडकी नसलेली खोली स्वस्त पडते. एकाच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला बहुधा सवलत असते. बाल्कनीची खोली महाग, आणि लहान मूल असेल तर काळजीचीही. जहाजावरचे काही खेळ, खास हॉटेले, इंटरनेट यांचे पैसे वेगळे. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मोबाइलला रेंज नसते आणि जहाजाच्या नेटवर्कचे दर जबर असतात. फोन 'फ्लाइट मोड'वर ठेवावा.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. 'आता फिरा, नंतर फेडा' अशा हप्त्यांवर सहल करू नये. व्याजाचा प्रश्न तर आहेच. पण निव्वळ व्यवहार पाहिला तरी तीन दिवसांच्या मजेसाठी वर्षभर हप्ते कापले जाणे घराला परवडत नाही. त्यापेक्षा वर्षभर भिशीत पैसे टाका, मुलांच्या ईदीतला काही भाग त्यांच्याच संमतीने गुल्लकमध्ये जमू द्या. स्वतः जमवलेल्या पैशांच्या सहलीत मूल उगाच हट्ट धरत नाही, हा अनुभव आहे.

जिवाची काळजी

खरा गृहपाठ हा आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि १५ जणांचा जीव गेला. मृतांत लहान मूलही होते. आपल्या वैनगंगेवरही जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायांची नाव उलटली आणि काही बाया बुडाल्या. मोठ्या क्रूझची व्यवस्था या बोटींहून फार वेगळी असते. तरी सहलीत आपण दोन्ही प्रकारच्या बोटींत बसतो : मोठ्या जहाजात आणि किनाऱ्याला नेणाऱ्या लहान बोटीतही.

'टायटॅनिक' बुडाल्यानंतर जहाजांच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय नियम आले. आजच्या नियमांनुसार मोठ्या प्रवासी जहाजावर एकूण प्रवाशांच्या किमान १० टक्के लाइफ जॅकेटे मुलांच्या मापाची असावी लागतात. सफर सुरू होताना सर्व प्रवाशांना संकटकाळी कुठे जमायचे ते दाखवले जाते. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा हा धोक्याचा इशारा. ही कवायत चुकवू नये. खोलीत शिरताच मुलाच्या मापाचे जॅकेट आहे का ते पाहावे. नसेल तर लगेच मागावे.

जॅकेट घालून पट्टे आवळा आणि खांद्यापाशी धरून वर ओढा. ते हनुवटीवर सरकले तर माप मोठे आहे. पाण्यात खेळायची हवेची रिंग म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. लहान बोटीत जॅकेट मिळत नसेल, किंवा बोट खचाखच भरली असेल, तर पैसे गेले तरी चालतील, पण मुलांना घेऊन बसू नये. तिथे संकोच करू नका.

मुलांच्या खिशात नाव, खोलीचा क्रमांक आणि आईवडिलांची नावे लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पोहण्याच्या तलावाजवळ कोणत्या वेळी कोण लक्ष ठेवणार, हे आधी ठरवा. 'सगळेच आहेत' असे म्हटले की कुणाचेच लक्ष नसते.

बोट लागण्याचा त्रास मुलांना लवकर होतो. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागाची खोली कमी डोलते. हलके खाणे आणि क्षितिजाकडे पाहणे याने आराम पडतो. औषध डॉक्टरांनाच विचारून घ्यावे. दोन वर्षांखालच्या बाळाला तर आपल्या मनाने मुळीच देऊ नये. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालचे बाळ आणि २४ आठवड्यांपुढील गर्भवती यांना घेत नाहीत. वयाचे नियम आणि मुलांची ओळखपत्रे यांची खात्री पैसे भरण्याआधीच करावी.

नमाज आणि ताट

भंडाऱ्याहून मुंबईच आठशे किलोमीटरपेक्षा दूर, म्हणजे आपण घरून निघाल्यापासूनच मुसाफिर. चार रकाती फर्ज दोन होतात, हे मुलांना प्रवासात शिकवण्याची याहून चांगली संधी कुठली? मुंबईहून किबला पश्चिमेकडे, किंचित उत्तरेला आहे. पण जहाज वळत राहते. होकायंत्र सोबत घ्या आणि दिशा शोधण्याचे काम मुलांवर सोपवा. चक्कर येत असेल तर बसून नमाज आहे. इतर बारकावे आपल्या आलिमांना निघण्याआधी विचारून घ्यावेत.

जेवणाबाबत 'हलाल आहे ना?' एवढे विचारून भागत नाही. मांस कुठून येते, प्रमाणपत्र आहे का, गोड पदार्थांत मद्य असते का, हे लेखी विचारा. खात्री नसेल तर शाकाहारी जेवण घ्या. तीन दिवस डाळभात खाऊन कुणाचे बिघडत नाही. मोठ्या जहाजांवर बार आणि कॅसिनो असतात. मुले ते पाहणारच. डोळे झाकण्याऐवजी आपण तिकडे का जात नाही, हे त्यांना घरीच समजावून ठेवावे.

ऐपत नसेल तर

समुद्र क्रूझपुरता नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते. साधारण तासाभराचा प्रवास. गाडीही बोटीवर चढते. तिथून अलिबाग, मग मुरूड, आणि राजपुरीहून शिडाच्या होडीने सिद्दींचा जंजिरा. एका सहलीत बोट, समुद्र आणि इतिहास तिन्ही. खर्च क्रूझच्या मानाने कितीतरी कमी.

त्याही आधी एक रविवार वैनगंगेवर, अंभोऱ्याला घालवा. सुरक्षित बोट आणि जॅकेट असेल तर एक फेरी मारा. कुणाला मळमळते, कोण घाबरते, कोण काठावर ओणवे होते, सगळे कळते. शिवाय घरातल्या आईला विचारा, तिला या सहलीत काय हवे आहे. घरी असो की सहलीत, सगळ्यांच्या बॅगा भरणारी आणि मुलांमागे धावणारी तीच असेल, तर तिची सुटी झालीच कुठे? कामे वाटून घ्या. मुलांनी आपापली बॅग भरावी, अब्बूंनी लहानग्याला सांभाळावे.

एवढा गृहपाठ झाला, हिशेब जुळला आणि सगळ्यांच्या मनाला पटले, की मग तिकीट काढा. नाही जुळले तर पुढचे वर्ष आहेच, इन्शाअल्लाह. समुद्र कुठे जात नाही.