विश्लेषण : रद्दीचा भाव नेमका ठरतो कुठे?

महिनाअखेरीस घरातली रद्दी निघते, तिचे वजन होते आणि रद्दीवाला भाव सांगतो. हा भाव त्याच्या हातात नसतो. बीजिंग, ब्रसेल्स आणि दिल्लीत बदललेले नियम वापीसारख्या ठिकाणच्या कागद गिरण्यांमार्गे त्याच्या काट्यापर्यंत पोहोचतात.

चीनच्या बंदीने काय झाले?

जगभरची रद्दी विकत घेणाऱ्या चीनने जानेवारी २०१८ पासून मिश्र रद्दीची आयात थांबवली आणि १ जानेवारी २०२१ पासून घनकचऱ्याची आयातच बंद केली. पाश्चात्त्य देशांची रद्दी भारत व आग्नेय आशियाकडे वळली. पण चीनची खोक्यांची गरज संपली नव्हती. रद्दीऐवजी तो तयार क्राफ्ट कागद विकत घेऊ लागला. भारतातून तशी निर्यात वाढली आणि इथल्या खोके उत्पादकांनी कागद महागल्याची ओरड सुरू केली.

इतकी रद्दी असताना आयात कशासाठी?

कागदाचा लगदा करताना दर वेळी त्यातले तंतू आखूड होतात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर ते निकामी ठरतात. अमेरिकी खोक्यांत लाकडाचे लांब तंतू अधिक असतात. आपला पुठ्ठा बहुतेकदा आधीच अनेक वेळा लगदा झालेल्या कागदाचा असतो. म्हणून मजबुतीसाठी गिरण्या त्यात आयात माल मिसळतात. दुसरे कारण घरचेच आहे. कचरा वेगळा करण्याचा नियम २०१६ पासून आहे, तरी कागद ओल्या कचऱ्यात जातोच. ओल्या रद्दीचे वजन गिरणी कापते, तेलकट कागद तर नाकारलाच जातो. (वर्तमानपत्रात वडापाव बांधायलाही अन्नसुरक्षा नियमांनुसार मनाई आहे, ही बाब वेगळी.)

जीएसटीचा पेच काय?

सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत खोक्यांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण ज्या क्राफ्ट कागदापासून ती बनतात त्यावरचा १८ टक्के झाला. रद्दीवर ५ टक्के कायम राहिला. म्हणजे खोके बनवणारा १८ टक्के भरून माल घेतो आणि ५ टक्के लावून विकतो. फरकाचा परतावा मिळतो, पण तोपर्यंत लहान कारखानदाराचे भांडवल अडकते. त्याची गिरणीची उधारी थकली, तर गिरणी रद्दीच्या व्यापाऱ्याला थांबवते आणि व्यापारी कचरावेचकाला. ग्राहकाला स्वस्त खोके देण्याचा हेतू ठीक असला, तरी साखळीच्या मधल्या टप्प्याचा विचार झालेला दिसत नाही.

पुढे काय?

युरोपीय संघाच्या नव्या नियमानुसार २१ मे २०२७ पासून तिथला कचरा, रद्दीसह, ओईसीडीबाहेरील देशांना यादीत नाव असेल तरच पाठवता येईल. भारत ओईसीडीत नाही. देशांतर्गत रद्दी नीट गोळा करणे त्यामुळे अधिक निकडीचे होते.

केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये कागदी वेष्टनांसाठी उत्पादकांची विस्तारित जबाबदारी ठरवणारा मसुदा काढला. त्यात उत्पादकांना नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रे घ्यावी लागतील. हा पैसा गिरणीच्या दाराशी येतो. पुण्यात १९९३ पासून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ज्यांना संघटित करते आहे, त्या कचरावेचकांपर्यंत त्यातला किती पोहोचावा, हे मात्र गिरणी आणि व्यापाऱ्यांच्या मर्जीवरच राहण्याची शक्यता अधिक.