लेकीच्या खोलीला दिल्ली दरवाजा!

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आता आमच्या घरात! 5 मिलिमीटर सनबोर्डची कमान कापून दाराच्या चौकटीवर दुहेरी टेपने बसवली. खिळा एकही नाही. बिजागरीकडची बाजू तेवढी मोकळी सोडा, म्हणजे दार अडत नाही.

पण खरा जीव खिळ्यांत! मूळ दरवाजावर हत्तीने धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार लोखंडी खिळे आहेत, तेही हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर. आमचे कागदाच्या लगद्याचे, बोथट टोकांचे आणि लेकीच्या डोक्याच्या बरेच वर.

खाली दिंडी दरवाजा रंगवलाय. मोठं दार बंद असताना माणसं यातून एकेक करून, वाकून आत येत. शत्रूला झुंडीने घुसणं अशक्य. आमचं दार सताड उघडं असलं तरी लेक वाकूनच आत जाते.