पाच माणसं, अडीच तिकिटं!

दोस्तांनो, सुट्टी लागली की आजोळचे आंबे, करवंदं डोळ्यांपुढे नाचू लागतात, हो ना? पण मे महिन्यात मुंबईहून कोकणात जायचं म्हणजे दिव्यच! रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं आणि बघता बघता संपतं. मग घरात सूर निघतो, "एवढा खर्च कशाला? यंदा राहू दे."

थांबा! वही-पेन्सिल घ्या आणि एस.टी.चा हिशेब मांडा. बाबांचं तिकीट पूर्ण. आईचं अर्धं, कारण मार्च २०२३ पासून राज्याच्या हद्दीत महिलांना निम्मंच भाडं पडतं. म्हणून ताई कितीही मोठी असो, तिचंही अर्धंच. धाकटा आठ वर्षांचा, त्याचंही अर्धं. आजीला पंचाहत्तर पूर्ण झाली असतील, तर तिचा प्रवास चक्क फुकट! झाली की नाही अडीच तिकिटं? (तेरा वर्षांचा दादा मात्र पूर्ण तिकिटाचा धनी. बिच्चारा!)

रेल्वेचं गणित निराळं. २०१६ पासून पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल, तर पूर्ण भाडं द्यावं लागतं. अर्ध्या तिकिटात आईला बिलगूनच झोपायचं.

खासगी बसवाला अव्वाच्या सव्वा भाडं सांगतोय? एस.टी.च्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही, असं सरकारनं २०१८ मध्येच ठरवलंय. बाबांना जरूर सांगा.

आणि हो, निघताना आजीचं आधार कार्ड घ्या बरं! ते कपाटात राहिलं, तर अडीचाची तीन तिकिटं होतील.